काढलेला घड

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दिंडोरीकडे द्राक्षबागेत विरळणी सुरू होते आणि घराघरांत पाहुणे यायला लागतात. यंदा मामांच्या घरी, माझ्यासाठी, एकाच रविवारी दोन स्थळं आली. वेळा वेगळ्या दिल्या होत्या. पण सकाळच्यांची गाडी वणी रस्त्याला पंक्चर झाली, दुपारच्यांना रस्ता मोकळा मिळाला, आणि बाराच्या सुमाराला दोन्ही मंडळी एकाच ओट्यावर समोरासमोर बसली.

एक मुलगा दहा एकर बागेचा. दुसरा चाकणला मोटारींच्या कारखान्यात. बागवाल्याने सप्तशृंगीगडावरून पेढ्यांचा पुडा आणला होता. तो पाहून चाकणवाल्याच्या काकांनी पुतण्याला हळूच खूण केली, आणि तो चौकात जाऊन दोन पुडे घेऊन आला. मग इकडच्या आत्याने नव्या ट्रॅक्टरची गोष्ट काढली. तिकडच्या आईने फ्लॅटची. अर्धा तास हे चाललं. शेवटी चाकणवाल्याच्या वडलांचीही चार एकर थॉमसनची बाग आहे असं निघालं, आणि दोन्ही मुलं डाऊनी रोगावर बोलायला लागली. पानाखाली डाग कधी दिसला, कोणती फवारणी केव्हा घेतली, पाऊस किती झाला. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

पाहुणे गेल्यावर मामा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मामा चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते, गॅदरिंगला नाट्यप्रवेश बसवत होते. मी नाशिकला द्राक्षांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वडील लवकर गेले, म्हणून मला वाढवलं मामांनी आणि नाटकंही दाखवली त्यांनीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मजूर बाया हात धूत होत्या तेव्हा, बागेतच आमचं सुरू झालं. जे बोललो ते जवळजवळ तसंच लिहिते आहे.

मामा : अगं, काल आपल्या ओट्यावर मानापमान नाटक झालं. एका भामिनीसाठी दोघं. पेढ्याला पेढा, ट्रॅक्टरला फ्लॅट. खाडिलकर असते तर त्यांनी तिथेच वही काढली असती.

मी : मानापमानात धैर्यधर आणि लक्ष्मीधर होते, मामा. काल दोन्हीकडून लक्ष्मीधरच आले होते. कोणाकडे काय आहे एवढंच बोलणं झालं.

मामा : असं म्हणू नकोस. पोरं गुणी होती. बोलायला विषय सुचेना म्हणून डाऊनीवर गेली. लाजली ती.

मी : लाजली असतील. पण माझ्याशी न बोलता एकमेकांशी बोलायला लाजली नाहीत.

मामा : बरं, ते सोड. मी म्हणतो ते ऐक. एका मुलीमागे दोन पुरुष लागणं आणि त्यांची फजिती होणं, हा आपल्या रंगभूमीचा जन्मापासूनचा विषय आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं ते कोणतं? सीतास्वयंवर. म्हणजे मराठी नाटकाने पडदा उघडला तोच इच्छुक नवरदेवांच्या सभेवर. आपल्या कीर्तनांत, आख्यानांत त्या सभेत रावणही येतो, धनुष्याखाली सापडतो आणि सगळी सभा हसते. पुढे १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र आलं. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय आणि अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन त्यांच्याच घरी राहतोय. बलराम स्वतः त्या संन्याशाची सरबराई करतो! लोक एकशे चाळीसहून जास्त वर्षं हसतायत. या हसण्यात वाईट काय आहे ते मला सांग.

मी : सौभद्र मलाही आवडतं. कारण तिथे सुभद्रेचं मन आधीपासून ठरलेलं आहे आणि प्रेक्षकाला ते ठाऊक आहे. पण एक बघा. दुर्योधनाचं नाव सारखं कानावर पडतं आणि तरी सुभद्रेला त्याच्यासमोर उभं राहून "मला तू नको" असं एकदाही म्हणावं लागत नाही. सगळं कृष्ण जुळवून आणतो. ती रडते, झुरते, आणि दोन भाऊ तिचं भवितव्य आपसांत ठरवतात. एक भाऊ चांगला निघाला हे तिचं नशीब.

मामा : म्हणजे तुला कृष्णही चालत नाही?

मी : कृष्ण चालतो. पण सगळ्यांच्या घरी कृष्ण नसतो.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कात्री घेतली आणि एका वेलाखाली वाकले. मणी मुगाएवढे झाले होते. यंदा गोडी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली, म्हणजे बरोबर वेळेवर. बोलताना हात चालू असला की मामांचं डोकं चांगलं चालतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दोन घड साफ करून ते परत वळले.

मामा : मग भामिनी घे. तिला कृष्णाची गरज पडली नाही. मानापमान १९११ चं. १२ मार्चला मुंबईत पहिला प्रयोग. त्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. आता नाटक काय आहे? भामिनीच्या वडलांना धैर्यधर पसंत आहे. शूर सेनापती, पण खिसा रिकामा. दुसरीकडे लक्ष्मीधर, पैशाने भरलेला आणि भित्रा. गणपतराव बोडसांनी तो असा केला की लोक म्हणे त्या भूमिकेसाठी परत परत यायचे. आणि भामिनी काय करते? वडलांनी पसंत केलेल्या मुलाला तोंडावर नकार देते. १९११ साली! तू म्हणतेस तसा, समोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने.

मी : आणि मग?

मामा : मग काय?

मी : मग त्या नकाराबद्दल तिला पुढचे सगळे अंक पस्तावायला लागतं. दागिने उतरवून, गरीब वनमाला बनून त्याच्यामागे जायला लागतं, त्याची मनधरणी करायला लागते. नाटकाने तिला नकार दिला खरा, पण उसना. व्याजासकट परत घेतला.

मामा : चुकतेस. नकाराची शिक्षा नाही ती. नकाराचं कारण चुकीचं होतं, ते कारण दुरुस्त केलंय. ती माणूस बघून नाही म्हणाली नव्हती, गरिबी बघून म्हणाली होती. आणि धैर्यधराचीही जिरवलीये की! अपमान झाला म्हणून तो श्रीमंतांच्या मुलींवरच रुसून बसतो आणि शेवटी ज्या गरीब मुलीवर जीव लावतो ती तीच निघते. दोघांचाही ताठा उतरतो. म्हणून नाव मानापमान. लक्ष्मीधर हा प्रतिस्पर्धी नाहीच मुळी. खरी झुंज भामिनीचा मान आणि धैर्यधराचा मान यांच्यात आहे.

हे मला पटलं, आणि तसं मी मामांना सांगितलंही. लक्ष्मीधर हा नुसता तराजूतला दगड आहे. पण पटल्यावरच माझी खरी अडचण सुरू झाली.

मी : मग लक्ष्मीधर इतका भित्रा, इतका हास्यास्पद का लागतो? दुसरा उमेदवार विदूषक केला की पहिल्याची निवड आपोआप होते. तिला डोकं चालवावंच लागत नाही. प्रेक्षकाला वाटतं, बघा, केवढी शहाणी मुलगी, बरोबर निवडलं. अहो, तिच्यापुढे एक सेनापती आणि एक पळपुटा ठेवलाय! आंधळ्यालाही कळेल. दोघंही चांगले असते तर? काल आले तसे, दोघंही बरे, कष्टाळू, निर्व्यसनी. मग नाटककाराने काय केलं असतं?

मामा : नाटक झालं नसतं.

मी : तेच म्हणते मी. नाटक झालं नसतं, पण आयुष्यात रोज तेच होतं.

मामा : हे बघ, खाडिलकरांना तू हलकं समजू नकोस. ते टिळकांचे, केसरीतले. मानापमानाआधी त्यांनी कीचकवध लिहिलं होतं, १९०७ मध्ये. लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. १९१० ला सरकारने बंदी घातली. आणि त्यानंतर वर्षभरात हा माणूस संगीत नाटक लिहितो, त्यातही पैशापेक्षा शौर्याला वर ठेवतो. लक्ष्मीधराला हसणं म्हणजे पैशाच्या जोरावर माजलेल्याला हसणं. ते हसणं त्या काळात आवश्यक होतं.

मी : मामा, तुम्ही स्वतःच नाव घेतलंत. कीचक कोण होता? तोही एका बाईवर हक्क सांगणाराच ना. सैरंध्री नाही म्हणते आणि त्याला ते ऐकूच येत नाही. एकाच लेखकाने चार वर्षांत दोन नकोसे पुरुष लिहिले. एकाला भीमाने मारलं, एकाला लोकांनी हसून घालवलं. कोणाला मारायचं आणि कोणाला हसायचं हे कसं ठरतं? आणि मृच्छकटिकातला शकार घ्या. देवलांनी मराठीत आणला. तो सुरुवातीला किती गमतीचा! रामायण-महाभारताची गल्लत करतो, कोणाची बायको कोणाच्या मागे लावतो. गॅदरिंगला तुम्हीच तो प्रवेश बसवला होता. आम्ही मुलं लोळून हसलो होतो.

मामा : तेव्हा तू आठवीत होतीस.

मी : आठवीत होते. पुढचा भाग तुम्ही बसवला नव्हता, तो मी कॉलेजात वाचला. वसंतसेना नाही म्हणते, चारुदत्तावर प्रेम आहे म्हणते, आणि हाच गमतीदार माणूस तिचा गळा दाबतो. वर खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. ती वाचते ते वेगळं. त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटलं, आठवीत मी ज्याला हसले तो हाच होता, आणि कोणी मला सांगितलं नव्हतं. आता पेपरात एकतर्फी प्रेमाची बातमी येते, बसस्टॉपवर, कॉलेजच्या फाटकात मुलीवर वार झाल्याची, तेव्हा मला प्रत्येक वेळी शकार आठवतो. वार करणाऱ्याच्या मित्रांनी आधी त्याची चेष्टाच केलेली असते. "तुझा पत्ता कट झाला बघ, दुसरा घेऊन गेला." आधी गंमतच असते ती.

मामांनी कात्री खिशात ठेवली. आम्ही बांधावर बसलो. दूर रामशेजची पाठ काळी पडत चालली होती. वनवासात राम तिथे रात्री निजायला असे, म्हणून रामशेज, असं आमच्याकडे सगळे सांगतात. गडावर रामाचं देऊळ आहे. संभाजी महाराजांच्या काळात त्या लहानशा किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुलवलं, तेही आमच्याकडे सगळे सांगतात. त्याच टेकडीकडे बघताना मला जे सुचलं ते मी मामांसमोर पहिल्यांदाच बोलले.

मी : आपल्या नाशिकचं नाव कशावरून पडलं म्हणतात?

मामा : कोणी नऊ शिखरांवरून म्हणतात. पण लोकांच्या तोंडी शूर्पणखेचं नाक.

मी : तीच गोष्ट उलटी करून बघा. पंचवटीत एक बाई दोन पुरुषांना मागणी घालते. राम म्हणतो, माझं लग्न झालंय, धाकट्याकडे जा. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, थोरल्याकडेच जा. दोघं भाऊ तिची चेष्टा करतात, ती इकडून तिकडे, तिकडून इकडे. हाही विनोदच आहे की, इच्छुक उमेदवाराची फजिती. पण ती सीतेवर धावून गेली आणि तिचं नाक कापलं गेलं. आता मला सांगा, धनुष्य न उचलता आलेल्या रावणाला सभा हसली आणि सोडून दिलं. पुढे तो सीतेला घेऊन गेला. मागणी घालणाऱ्या पुरुषाला हसू, मागणी घालणाऱ्या बाईला सुरी. आणि आपण त्या सुरीच्या नावाच्या जिल्ह्यात राहतो.

मामा : सीतेवर धावून गेली म्हणून कापलं गं. मागणी घातली म्हणून नाही.

मी : मान्य. पण आधी चेष्टा कोणी केली? सरळ "नाही" म्हणाले असते तर ती धावली असती का?

बराच वेळ मामा बोलले नाहीत. मला वाटलं मी जास्त बोलले. ते रोज सकाळी रामरक्षा म्हणतात. पण जे बोलले ते रागाने बोलले नाहीत.

मामा : तुझ्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. चेष्टा करून नाही म्हणणं आणि नाही म्हणणं, यात फरक आहे. तो मी शाळेत कधी शिकवला नाही. पण आता माझं ऐक, मध्ये बोलू नकोस. शकार भयंकर का झाला? त्याच्या जगात त्याला कोणी हसू शकत नव्हतं. राजाचा मेहुणा. प्रेक्षक हसतात, पण नाटकाच्या आत सगळे त्याला भिऊन असतात. न्यायाधीशसुद्धा दबकतो. ज्याला हसायची सोय नाही तो माणूस भीतिदायक होतो. लक्ष्मीधराला मात्र सगळे तोंडावर हसतात, म्हणून तो कोणाचा गळा धरत नाही. विनोदात पुरुषाला हरायला शिकवतात, पोरी. ज्याला चार लोकांत हसत हसत हरता आलं तो घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. ज्याला आलं नाही तो सूड धरतो. १९२१ मध्ये संयुक्त मानापमान झालं, ८ जुलैला, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व आणि केशवराव भोसले. दोघांच्या दोन कंपन्या, दोघांचे चाहते एकमेकांची तोंडं न बघणारे. आणि ते दोघं एकाच रंगमंचावर, एक भामिनी, एक धैर्यधर. कोण सरस ठरलं याचा वाद लोक अजून घालतात, पण त्या दोघांनी एकमेकांना दाद दिली. तीनच महिन्यांत केशवराव गेले. स्पर्धा असूनही माणूसपण राहतं, ते राहायला खेळ लागतो. हसू लागतं. तू ते काढून घेतलंस तर उरेल काय? नुसता राग.

मला यावर लगेच उत्तर नव्हतं. मामांचं हे म्हणणं मी आजही मनातून टाकू शकलेले नाही. हरायची सवय मुलांना कोण लावतं? घरात मुलाने मागितलं की मिळतं, आणि मग एक दिवस एक मुलगी नाही म्हणते, आणि तो आयुष्यातला पहिला नकार असतो. तेव्हा हसणारे मित्र हवेत की गप्प बसणारे, मला ठरवता येत नाही. पण एक नाटक मला तेव्हा आठवलं.

मी : गडकऱ्यांचं भावबंधन. मरणाच्या थोडे दिवस आधी पुरं केलेलं. दीनानाथ मंगेशकर लतिका, चिंतामणराव कोल्हटकर घनश्याम. तो घनश्याम तुमच्या लक्ष्मीधराचाच भाऊ समजा, फक्त गरीब. लतिका त्याला हिणवते, हसते. आणि तो त्या हसण्याचाच सूड घेतो. साऱ्या घराला दावणीला बांधतो. तुम्ही म्हणता हसल्याने माणूस वाचतो. गडकरी म्हणतात हसल्यानेच तो बिघडला.

मामा : कारण ती हसली. लोक हसले असते तर चाललं असतं. नाकारणाऱ्याने हसू नये.

मी : मग तेच तर!

मामा : काय तेच?

मी : नाकारणारीने हसू नये, आणि नाकारणारीला हसायलाही लावू नये. पण त्याआधी तिला नाकारू तर द्या. तुम्ही शारदा नाटकाचं नेहमी कौतुक करता. मीही करते. १८९९ साली देवलांनी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला आख्ख्या महाराष्ट्रासमोर हास्यास्पद केलं, मुली विकणाऱ्या बापाला उघडं पाडलं. पुढे १९२९ ला बालविवाहाचा कायदा झाला तो खरं तर हरबिलास सारडांच्या नावाने, पण मराठी माणसाने त्याला शारदा कायदा म्हटलं, इतकी ती मुलगी लोकांच्या मनात बसली होती. पण नाटकात लग्न मोडतं कशाने? कोदंड गोत्र काढतो. सगोत्र निघालं म्हणून लग्न थांबतं. शारदेला नको आहे, हे कारण बोहल्यासमोर पुरेसं नव्हतं!

मामा : त्या काळात नव्हतंच पुरेसं. देवलांनी जे चाललं असतं ते कारण दिलं.

मी : आणि आता? काल दोन्ही घरची माणसं गेल्यावर तुम्ही आणि मामी रात्री काय बोलत होतात? बाग जास्त की पगार जास्त. अवकाळीचा भरवसा नाही, व्यापारी पैसे बुडवतात, म्हणून पगार बरा. पण पगारवाल्याचा फ्लॅट कर्जाचा, म्हणून बाग बरी. गोत्राच्या जागी हप्ता आला, एवढंच. मला अजून कोणी विचारलेलं नाही.

इथे मामा पहिल्यांदा दचकले. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला.

मामा : पोरांचीही काळजी वाटते गं मला. दहा एकर बाग आहे आणि बायको मिळत नाही. पस्तिशीची पोरं आहेत आपल्या तालुक्यात. सोलापूरला २०२२ च्या डिसेंबरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. टीव्हीवर लोक हसले. मी नाही हसलो. माझे विद्यार्थी तसेच आहेत.

मी : मीही नाही हसले. त्यांचं मागणं बरोबर होतं. गर्भलिंगनिदान करणाऱ्यांवर कारवाई करा म्हणत होते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. २००१ ची ती मुलं आज लग्नाला आलीत. एका मुलीमागे दोन स्थळं एकाच दिवशी ओट्यावर बसतात, ती गंमत इथून आली आहे, मामा. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्या जागा मोकळ्या राहिल्या. मी त्या पोरांवर रागावलेली नाही. पण मुली कमी झाल्या म्हणून माझा भाव वाढला आणि माझा शब्द मात्र तेवढाच राहिला, याचा मला राग येतो.

मामा : तुला दोघांपैकी कोण वाईट वाटला?

मी : कोणीच नाही. तीच तर अडचण. एक जरी लक्ष्मीधर असता तर मी सुटले असते.

तेवढ्यात शेवटची मजूर मावशी कात्र्या जमा करायला आली. पेठकडची, दरवर्षी आमच्याकडे येते. माझ्या पायाशी कापलेले घड पडले होते, त्यातला एक मी नकळत हातात घेऊन बसले होते. ती म्हणाली, "काढलेला घड हातात धरून बसू नका ताई, जीव लागतो." आणि गेली.

मामा त्या घडाकडे बघत राहिले. मग सावकाश बोलायला लागले, वर्गात बोलायचे तसे.

मामा : एका काडीवर दोन घड येतात, कधी तीन. एकच ठेवायचा. पहिल्या वर्षी मी बाग लावली तेव्हा माझ्या हातून कात्री चालेना. चांगला घड का कापायचा? म्हणून सगळे ठेवले. एकही नीट भरला नाही. तेव्हापासून शिकलो. मजूर नवीन आला की तो काय करतो सांगू? काढायच्या घडात खोड शोधतो. याचे मणी वाकडे, याला डाग आहे. खोड सापडली की त्याला कापायला बरं वाटतं. आणि नसली तर थांबून राहतो. त्याला शिकवावं लागतं की बाबा, खोड शोधू नकोस. काढलेला घड वाईट नसतो. दोन्ही चांगले, आणि वेलाला एकच झेपतो.

मी : आणि एखाद्या काडीवरचे दोन्ही काढले तर?

मामा : काढतो की. कोवळी काडी असली तर पहिल्या वर्षी एकही ठेवत नाही. तिला आधी वाढू देतो.

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ते उठले. अंधार पडत होता, पण घराकडे न जाता ते बांधाच्या कडेला उभे राहिले. मला त्यांच्याशी आणखी वाद घालायचा नव्हता. लक्ष्मीधराची बाजू घ्यायला मी निघाले होते आणि मामांनी ती माझ्याहून चांगली घेतली होती.

मामा : सकाळी दोन्हीकडून फोन येतील. काय कळवू?

मी : तुम्ही नका कळवू. मी कळवते. दोघांनाही, मीच.

मामा : तू? मुलगी कुठं फोन करते का, लोक काय...

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. मग शर्टाच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले, दोघांच्या माहितीचे. मोबाईलची बॅटरी लावून त्यांनी तो उजेड कागदावर धरला, आणि चष्मा कपाळावर सरकवून पहिला नंबर एकेक आकडा वाचून सांगायला सुरुवात केली.